विश्लेषण : घरात दोन वर्षांचे मूल, पोटात दुसरे बाळ... तयारी नेमकी कोणाची करायची?

संध्याकाळी सातची वेळ. सातवा महिना लागलेली आई ऑफिसमधून येऊन दारात चपला काढत असते आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा तिच्या गुडघ्यांना मिठी मारून 'उचल, उचल' करत असतो. आतून आजीचा आवाज येतो, 'अरे, आईच्या पोटात बाळ आहे. आता तू मोठा झालास ना?' मुलगा भोकाड पसरतो.

माझ्या ताईच्या घरी गेले काही महिने रोज हेच चालले आहे. पहिल्या वेळी तिची दुपारची झोप सगळे घर सांभाळायचे. या वेळी तिच्या झोपेची वेळ ठरवतो तो तिचा मुलगा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे. म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुले. दुसरे मूल हा आता अनेक घरांत विचार करून घेतलेला निर्णय असतो. निर्णय घ्यावा की नाही यावर भरपूर चर्चा होते. पण घेतल्यानंतरचे नऊ महिने लहान मुलासोबत काढायचे कसे, याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे जाणून घेऊ या.

दोन मुलांमध्ये किती अंतर असावे?

एका प्रसूतीनंतर पुढची गर्भधारणा होईपर्यंत किमान २४ महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे अंतर दोन जन्मांमधले नाही. त्यात पुढचे नऊ महिने मिळवले की दोन भावंडांच्या वयात साधारण पावणेतीन वर्षांचे अंतर येते. अंतर खूप कमी असेल तर आईला रक्तक्षय, बाळाचा वेळेआधी जन्म आणि कमी वजन यांचा धोका वाढतो.

पण प्रत्येक गोष्ट ठरवून होत नाही. मूल दीड वर्षाचे असताना दिवस गेले असतील तर घाबरून उपयोग नाही. पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना आधीच्या प्रसूतीची नेमकी तारीख सांगावी. पहिल्या वेळी सिझेरियन झाले असेल तर ही तारीख अधिकच महत्त्वाची. या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करायचा की नाही, हे ठरवताना ती विचारात घेतली जाते.

पहिल्या वेळची फाइल कशासाठी काढायची?

'सगळे माहीत आहे' म्हणून दुसऱ्या वेळी तपासण्या लांबवल्या जातात. मोठ्याला कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्नही असतोच. मात्र जुन्या फाइलमधल्या चार नोंदी आता उपयोगी पडतात : आईचा रक्तगट, गर्भारपणातला मधुमेह, रक्तदाबाचा त्रास आणि धनुर्वाताच्या लसीच्या तारखा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन दिले होते का, हे डॉक्टर विचारतातच. मागच्या गर्भारपणात लसीचे दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षे उलटली नसतील, तर या वेळी सहसा एकच बूस्टर डोस पुरतो.

खासगी दवाखान्याचा खर्च जड जात असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते.

मोठ्या मुलाला उचलून घ्यावे का?

गर्भारपण सुरळीत असेल तर मुलाला कधीमधी उचलायला सरसकट बंदी नसते. कंबरेत वाकून उचलू नये. गुडघे वाकवून खाली बसावे, मुलाला छातीजवळ घ्यावे आणि पायांच्या जोरावर उठावे. एका कमरेवर मुलाला घेऊन स्वयंपाक उरकण्याची सवय मात्र सोडावी. शेवटच्या महिन्यांत पोटामुळे तोल बदलतो आणि सांधे सैल झालेले असतात. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका सांगितला असेल तर डॉक्टरांचा शब्द अंतिम.

नकार कसा द्यायचा, हे इथे महत्त्वाचे. 'बाळामुळे तुला उचलता येत नाही' असे रोज ऐकले की मुलाच्या मनात न जन्मलेल्या बाळाबद्दलच अढी बसते. त्याऐवजी आईने खाली बसून 'ये, तूच माझ्या मांडीवर चढ' म्हणावे. मुलाला हवी असते जवळीक, मग ती उभ्याने मिळो की बसून.

अंगावरचे दूध लगेच तोडायचे का?

'पोटातल्या बाळाचे दूध मोठा पितो' हा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात गर्भारपण सामान्य असेल आणि आईचा आहार पुरेसा असेल तर बहुतेक स्त्रिया स्तनपान सुरू ठेवू शकतात. आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर डॉक्टरांना विचारावे. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध कमी होते, चवही बदलते आणि अनेक मुले आपणहून सोडतात. तोडायचेच असेल तर एकेक वेळ कमी करत हळूहळू तोडावे. बाळ जन्मल्यावर चीक दूध आधी नवजात बाळाला मिळाले पाहिजे.

घरातला सर्वांत मोठा धोका कोणता?

गॅस, जिना, बाथरूममधली बादली यांकडे सगळ्यांचे लक्ष असते. फ्रिजवर ठेवलेल्या लाल गोळ्यांकडे नसते.

गर्भवतींना सरकारी कार्यक्रमातून लोह आणि फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी, १८० दिवस दिली जाते. प्रसूतीनंतरही १८० दिवस ती घ्यायची असते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळी लाल आणि साखरेचे आवरण असलेली. लहान मुलाच्या नजरेत ती गोळी-बिस्किटातलीच.

साधे गणित करून पाहू. शरीराच्या दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह एकदम पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवावर बेतू शकते. मूल १२ किलोचे धरले तर पहिली मर्यादा २४० मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या. दुसरी ७२० मिलिग्रॅम, म्हणजे बारा. एका पाकिटात यापेक्षा जास्त गोळ्या सहज असू शकतात.

यातली फसवी गोष्ट अशी, की आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरे वाटू लागते आणि त्यानंतर प्रकृती ढासळू शकते. म्हणून नुसती शंका आली तरी वाट पाहू नये. घरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. गोळ्या कुलपात किंवा मुलाचा हात कोणत्याही स्टुलावरून पोहोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. त्याच्यासमोर गोळी घेणे टाळावे आणि 'ही आईची चॉकलेट' असे गमतीनेही म्हणू नये.

आईने मात्र गोळी बंद करायची नाही. बदलायची आहे ती गोळी ठेवण्याची जागा.

मुलाला केव्हा आणि कसे सांगायचे?

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला 'चार महिन्यांनी' याचा अर्थ कळत नाही. तिसऱ्या महिन्यात सांगितले तर 'बाळ कुठे आहे?' हा प्रश्न पुढे सहा महिने रोज येतो. पोट दिसू लागल्यावर सांगणे सोपे जाते. तारीख सांगण्यापेक्षा 'गणपती गेले की' किंवा 'आंब्यांचा मोसम आला की' असे सांगावे. ते त्याला समजते.

'तुझ्याशी खेळायला कोणीतरी येणार' हे आश्वासन टाळावे. येणारे बाळ पहिले काही महिने झोपेल, रडेल आणि दूध पिईल. त्याचे स्वतःचे तान्हेपणीचे फोटो दाखवून 'तूही असाच रडायचास' म्हटले की त्याला चित्र स्पष्ट होते.

आणखी एक जुनी सवय सोडायला हवी. नातेवाईक मुलाला विचारतात, 'सांग, आईच्या पोटात भाऊ आहे की बहीण?' आणि त्याच्या उत्तराकडे भाकीत म्हणून पाहतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये कायदा करणाऱ्या राज्यात हा खेळ शोभत नाही. आणि उत्तर 'चुकले' तर जन्माच्या दिवशी घरातल्यांचे पडलेले चेहरे त्या मुलालाही दिसतात.

मोठे मूल खरेच बिघडते का?

शी-शू सांगणारे मूल पुन्हा कपडे ओले करू लागते, बाटली मागते, बोबडे बोलते. घरच्यांना हा हट्ट वाटतो. खरे तर आपली जागा शाबूत आहे ना, हे ते तपासत असते.

यावर अभ्यास झाले आहेत. इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी ४० कुटुंबांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये आले. ज्या घरांत आई मोठ्या मुलाशी बाळाबद्दल 'त्याला भूक लागली असेल का?', 'तो का रडत असेल?' असे बोलायची, तिथे पुढे भावंडांचे नाते अधिक मायेचे दिसले. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा वॉलिंग यांनी २४१ कुटुंबांचा आईच्या गर्भारपणापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत मागोवा घेतला. दुसरे बाळ येणे हे पहिल्यासाठी अटळ संकट असते, हा समज त्यात टिकला नाही. बहुतेक मुले नीट सामावून घेतात.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. नर्सरी, वेगळा पलंग, डायपर सोडवणे हे बदल बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी उरकावेत किंवा नंतर दोन-तीन महिने पुढे ढकलावेत. सगळे एकाच महिन्यात नको.

रुग्णालयाच्या दिवसांत मोठे मूल कुठे राहील?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दुसरे बहुधा सासरी किंवा नोकरीच्या शहरात होते. मुलाला आजोळी महिनाभर पाठवून द्यावे, असा सल्ला हमखास मिळतो. पण त्याच्या बाजूने पाहा. आपल्याला गावी धाडले आणि परत आलो तर आईच्या कुशीत दुसरेच कोणी. शक्य असेल तर आजीनेच इकडे यावे. मुलाचे ताट, अंथरूण, झोपेची वेळ बदलू नये.

झोपवणे, भरवणे, आंघोळ यांतली निदान दोन कामे सातव्या महिन्यापासूनच बाबाकडे जायला हवीत. प्रसूतीच्या रात्री पहिल्यांदा बाबाने झोपवायला घेतले तर मुलाचे रडणे थांबत नाही. दोन महिने सराव असेल तर निभावते.

रजा आणि मदत किती मिळते?

दुसऱ्या मुलासाठी प्रसूती रजा कमी असते, हा गैरसमज आहे. २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन्ही मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती १२ आठवड्यांवर येते, ती दोन मुले हयात असताना पुढच्या मुलासाठी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. ते सगळे वापरले तर नंतर १८ उरतात, हे लक्षात घेऊन आखणी करावी.

केंद्र सरकारी कर्मचारी असलेल्या वडिलांना दोनपेक्षा कमी मुले असल्यास १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीत पितृत्व रजेची कायदेशीर सक्ती नाही, ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरे अपत्य मुलगी असल्यास पात्र मातेला ६,००० रुपये एकाच हप्त्यात मिळतात. अर्ज बाळाच्या जन्मानंतर २७० दिवसांच्या आत करावा. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई त्यात मदत करतात.

बाळ घरी आल्यावर काय?

भेटायला येणाऱ्यांना आधी मोठ्या मुलाशी बोलायला सांगावे. त्याने बाळाला हात लावावा, पण हात धुऊन. पापी घ्यायची तर पायाची, तोंडाची नाही. बाळंतिणीच्या शेकासाठी शेगडी पेटवणार असाल तर धावते मूल त्या खोलीत नको. बंद खोलीत निखारे ठेवणे तसेही घातक. बाळ आणि मोठा यांना क्षणभरही एकटे ठेवू नये.

आईकडेही कोणीतरी पाहायला हवे. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येणे, झोप न लागणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे हा 'थकवा' म्हणून सोडून देऊ नये. टेलिमानस ही मोफत मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे.

दोन वर्षांचे मूल बाळ आल्याने एका रात्रीत मोठे होत नाही. पाळणा, दुपटी, बाळंतविडा यांची तयारी घराघरांत वेळेत होते. त्याच यादीत मोठ्यासाठी रोजची पंधरा मिनिटे लिहून ठेवावीत : फोन बाजूला, बाळ दुसऱ्या कोणाकडे आणि आई फक्त त्याची. ताईच्या घरी फ्रिजवरच्या गोळ्या आता कपाटात कुलपात गेल्या आहेत, आणि 'आता तू मोठा झालास' हे वाक्य आजीने बंद केले आहे.