नकाशा आधी, नागरिक नंतर

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे आणि त्याआधीचा उच्चांक १९७८ सालचा, २०७.४९ मीटरांचा होता. पाणी रिंग रोडवर आले, लाल किल्ल्याच्या तटाला भिडले, सिव्हिल लाइन्समधील बंगल्यांत शिरले. वझिराबाद, चंद्रावल आणि ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद ठेवावी लागल्याने पुरात बुडालेल्या शहरावरच पिण्याच्या पाण्याची टंचाई ओढवली. त्या आठवड्यात हथिनीकुंड बंधाऱ्यातून सोडलेल्या पाण्याची चर्चा झाली, आयटीओ बंधाऱ्याच्या अडकलेल्या दरवाजांची झाली, केंद्र आणि राज्य यांच्यातील आरोप-प्रत्यारोपांची तर झालीच. एका दस्तऐवजाची चर्चा मात्र फारशी झाली नाही. दोनच वर्षांपूर्वी, जून २०२१ मध्ये, दिल्ली विकास प्राधिकरणाने (डीडीए) २०४१ पर्यंतच्या बृहत् आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला होता. यमुनेच्या पूरमैदानाचे पुढे काय करायचे, हे त्यात लिहिलेले होते.

यमुना आणि तिचे पूरमैदान दिल्लीच्या नियोजनात ‘ओ झोन’ म्हणून ओळखले जाते. सुमारे ९,७०० हेक्टरांचा हा पट्टा म्हणजे राजधानीतील सर्वांत मोठ्या खुल्या जागांपैकी एक. मसुद्याने त्याचे दोन भाग सुचवले. नदीलगतचा एक भाग कडक संरक्षणाचा आणि उरलेला भाग नियंत्रित विकासाचा. या विभागणीमागे तर्कच नव्हता, असे म्हणता येणार नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा आखून तिच्या आत बांधकाम होऊ देऊ नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये सांगितले होते, आणि या पट्ट्यात लोकवस्त्या आधीच उभ्या राहिल्या होत्या हेही खरे. पण पंचवीस वर्षांचा पूर हा हिशेबाचा आकडा आहे. नदी हिशेब पाळतेच असे नाही. रेषेपलीकडची जमीन ‘नियंत्रित’ म्हणून एकदा कागदावर मोकळी केली, की नियंत्रण हळूहळू विरघळते आणि विकास तेवढा उरतो, ही भीती नदीचे अभ्यासक आणि कार्यकर्ते व्यक्त करत होते.

ही भीती सरकारपर्यंत पोहोचवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध होता. दिल्ली विकास अधिनियम, १९५७ नुसार आराखड्याचा मसुदा लोकांना पाहण्यासाठी खुला करावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्याप्रमाणे ४५ दिवसांची मुदत दिली गेली. कोविडच्या दुसऱ्या लाटेतून शहर नुकतेच सावरत होते; म्हणून मागणी झाल्यावर मुदत महिनाभराने वाढवण्यात आली. सुमारे ३३ हजार हरकती-सूचना आल्या. त्या ऐकण्यासाठी नेमलेल्या चौकशी व सुनावणी मंडळाच्या एकूण १४ बैठका झाल्या. भागाकार केला तर एका बैठकीच्या वाट्याला सव्वादोन हजारांहून अधिक हरकती येतात. त्यांतील बऱ्याचशा एकाच साच्यातल्या होत्या असे गृहीत धरले, तरी या आकड्यात ‘सुनावणी’ या शब्दाला कितपत अर्थ उरतो, हे वाचकांनीच ठरवावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये डीडीएने मसुदा मंजूर करून केंद्राकडे पाठवला. पाच महिन्यांनी यमुनेने आपली हरकत नोंदवली. तिला मुदत लागू नव्हती.

मी विकास आराखडे वाचतो ते नगररचनाकार म्हणून नव्हे, तर सार्वजनिक धोरणाचा विद्यार्थी म्हणून. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्याकडे लोकांना विचारले जात नाही ही तक्रार अर्धीच खरी आहे. विचारले जाते, पण चुकीच्या वेळी, चुकीच्या भाषेत, आणि उत्तर देण्याचे बंधन स्वतःवर न घेता.

आधी वेळेचा प्रश्न. आपल्या बहुतेक नगररचना कायद्यांत नागरिकाचा प्रवेश मसुदा तयार झाल्यावर होतो. तोवर भूवापराचे रंग भरलेले असतात, रस्ते आखलेले असतात, सल्लागाराचे देयकही बहुधा निघालेले असते. त्या टप्प्यावर आलेली सूचना ही नियोजनाला केलेली मदत राहत नाही. झालेल्या कामात काढलेली खोट ठरते, आणि ती काढणाऱ्याकडे कोणतीही यंत्रणा प्रेमाने पाहत नाही. कोणते तळे उन्हाळ्यातही आटत नाही, कोणत्या मैदानावर आठवडी बाजार भरतो, पावसाचे पाणी कोणत्या खोलगटातून वाहून जाते, हे ज्ञान नकाशा काढण्याआधी उपयोगी पडते. नंतर ते केवळ अडचणीचे ठरते. मुंबईकरांना याचा अनुभव आहे. २०१५ मधील विकास आराखड्याच्या प्रारूपात इतक्या ढोबळ चुका निघाल्या आणि त्यावर हरकतींचा असा पाऊस पडला, की राज्य सरकारला तो दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारित प्रारूप यायला मे २०१६ उजाडले. लोकांना आधी विचारल्याने उशीर होतो, असे म्हणणाऱ्यांनी नंतर विचारल्याने झालेला हा उशीरही मोजावा.

दुसरा प्रश्न भाषेचा. २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा काढला. खाणी, धरणे, महामार्ग आणि कारखाने यांना मोकळ्या जमिनीवर कोणत्या अटींनी उभे राहू द्यायचे, हे ठरवणारा हा नियम. तो उपलब्ध होता इंग्रजीत आणि हिंदीत. ज्यांच्या शिवारात हे प्रकल्प येणार, त्यांतील कोट्यवधी लोक या दोन्ही भाषांत कायदा वाचत नाहीत. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मसुद्याचा आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत अनुवाद करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. सरकारने अनुवाद करण्याऐवजी या आदेशाला आव्हान देणे पसंत केले. पाठ्यपुस्तके, निवडणूक प्रचार आणि योजनांच्या जाहिराती ज्या भाषांत सहज छापल्या जातात, त्याच भाषांत हरकत मागवणे मात्र अवघड ठरते, यात काही योगायोग नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आराखडा मंजूर होताना निदान गाजावाजा तरी होतो. खुल्या जागा प्रत्यक्षात जातात त्या नंतर, एकेका भूखंडाच्या ‘फेरबदला’तून. बेंगळुरूचे उदाहरण नगररचनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. तेथील राजमहल विलास वसाहतीत उद्यानासाठी राखून ठेवलेली जागा सत्तरच्या दशकात सरकारी आदेशाने एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी देण्यात आली. रुग्णालय वाईट असते असे कोण म्हणेल? रहिवासी तरीही न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की उद्यानासाठी राखलेली जागा अशी वळवता येणार नाही, आणि त्या परिसरात राहणाऱ्या माणसाला तिच्यासाठी दाद मागण्याचा अधिकार आहे. ‘बेंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा’ हा तो खटला. खुली जागा ही सरकारच्या तिजोरीतील शिल्लक नसून रहिवाशांचा हक्क आहे, हे तत्त्व तेथून रुजले. मात्र ते मिळवायला रहिवाशांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

गोव्याची कहाणी याच धड्याचा पुढचा भाग. प्रादेशिक आराखडा २०११ मध्ये शेते आणि डोंगरउतार बांधकामाला मोकळे केले जात आहेत, हे लक्षात आल्यावर गोवेकर रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी गावपातळीवर समित्या नेमून लोकांचे म्हणणे घेण्यात आले. देशात असे फार थोड्या ठिकाणी घडले आहे. पण २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात आराखड्यातील ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एक कलम घालण्यात आले आणि भूखंडनिहाय विभाग बदलण्याची वाट उघडली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठी केलेले नियम रद्दबातल ठरवले. गावाने एकत्र बसून रंगवलेला नकाशा अर्जाअर्जाने पुसता येत असेल, तर त्या बैठकांना काय अर्थ राहिला?

याच्या उलट वाट केरळने धरून पाहिली. २००८ च्या भातशेती व पाणथळ जमीन संवर्धन कायद्याने प्रत्येक पंचायतीत एक स्थानिक देखरेख समिती नेमली. पंचायत अध्यक्ष, कृषी अधिकारी, ग्राम अधिकारी आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून कोणती जमीन भातशेतीची, कोणती पाणथळ, याची यादी करतील आणि ती प्रसिद्ध केली जाईल, अशी ही रचना होती. येथे नागरिक हरकतदार म्हणून शेवटी येत नाही. नोंद करणारा म्हणून आरंभीच येतो. या व्यवस्थेत कच्चे दुवे होते, याद्या रेंगाळल्या, त्यांत चुका राहिल्या. आणि २०१८ च्या दुरुस्तीने यादीबाहेर राहिलेल्या जमिनींचे शुल्क भरून रूपांतर करण्याची सोय करून कायदा सैलही केला. तरीही शेत कोणते आणि पडीक कोणते, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्या गावाकडे असावा, ही कल्पना मोलाची आहे.

लोकसहभागाची बाजू मांडताना एक अवघड सत्यही सांगितले पाहिजे. ‘जनता’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. यमुनेच्या पूरमैदानात पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवणारे शेतकरी आहेत, झोपड्यांत राहणारे मजूर आहेत. २०२३ च्या पुरात रस्त्याकडेच्या तंबूंत दिवस काढावे लागले ते प्रामुख्याने त्यांनाच. पूरमैदान ‘मोकळे’ करण्याची मोहीम निघते, तेव्हाही पहिला फावडा त्यांच्याच मळ्यावर पडतो. याच पूरमैदानात अक्षरधाम मंदिर आणि राष्ट्रकुल क्रीडाग्राम यांना मात्र जागा मिळाली. क्रीडाग्रामाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००९ मध्ये प्रकल्पाच्या बाजूने निकाली निघाला. रहिवासी संघांकडे वकील असतो, संगणक असतो, इंग्रजीत पत्र लिहिणारा सदस्य असतो. मळेकऱ्याकडे यातले काहीच नसते. खुल्या जागेवरील सुनावणी केवळ सुस्थित वसाहतींची राहिली, तर निसर्गरक्षणाच्या नावाने गरिबांना हटवण्यावर लोकसंमतीचा शिक्का बसेल. खुली जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, हे नियोजनकारांइतकेच पर्यावरणप्रेमींनीही ध्यानात ठेवायला हवे.

मग करायचे काय? यासाठी नवे तत्त्वज्ञान नको. असलेली चौकट कामाला लावली तरी पुरे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्यांची आणि महानगर नियोजन समितीची तरतूद केली. या महानगर समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य लोकप्रतिनिधींमधून निवडलेले असावेत, असे घटनाच सांगते. अनेक शहरांत या समित्या कागदावर आहेत आणि नियोजनाची खरी सूत्रे विकास प्राधिकरणांच्या हाती. खुल्या जागांची यादी आराखड्याच्या आधी प्रभागात तयार व्हावी आणि मसुदा त्या यादीवर उभा राहावा, ही पहिली मागणी. मसुदा, किमान प्रभागाचा नकाशा आणि त्याचा सारांश, स्थानिक भाषेत भिंतीवर लावला जावा, ही दुसरी. प्रत्येक हरकतीला, निदान हरकतींच्या प्रत्येक गटाला, कारणासह लेखी उत्तर मिळावे आणि ते जाहीर व्हावे, ही तिसरी. आणि चौथी, जिच्यावाचून पहिल्या तिन्ही व्यर्थ ठरतील: खुल्या जागेचा वापर बदलण्याचा प्रत्येक प्रस्ताव त्या जागेवर फलक लावून, प्रभागसभेत मांडूनच पुढे जावा, आणि बदल अटळच असेल, तर त्याच परिसरात तेवढीच जागा आधी ताब्यात घेऊन द्यावी.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांत शहरात दरडोई १० ते १२ चौरस मीटर खुली जागा असावी, असे म्हटले आहे. आपली अनेक महानगरे या मापाच्या जवळपासही नाहीत. जेथे इतके थोडे उरले आहे, तेथे उरलेल्यातील प्रत्येक तुकड्याचा निर्णय घेण्याआधी शेजारच्या माणसाला विचारणे हे शासनाने दाखवलेले औदार्य नव्हे. गेलेले मैदान कोणत्याही पुढच्या आराखड्याला परत आणता येत नाही. म्हणून तो प्रश्न विचारण्याची वेळ नकाशावर पहिली रेघ ओढण्याआधीचीच आहे.