युनिट पेटतं तेव्हा चिमणीतून काय निघतं

माझं लहानपण विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत गेलं. उन्हाळ्यात गच्चीवर कुरड्या घालायच्या आधी आई चिमणीकडे बघायची. धूर पातळ, पांढुरका असला तर वाळवण निघायचं. काळपट आणि जाड असला तर ‘आज लाइटअप आहे’ म्हणत ती अंथरलेली साडी घडी करून आत ठेवायची. एरवी दोरीवरच्या चादरीवर पडणारी राख करडी नि कोरडी असायची, झटकली की जायची. लाइटअपच्या दिवशीचा कण बोटानं पुसायला गेलं की काळा ओरखडा उठायचा, आणि तो साबणानंही निघत नसे. तो ओरखडा कुठून येतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पेटवण्याचे तास

बंद असलेल्या बॉयलरमध्ये एकदम कोळसा टाकून चालत नाही. आधी पंखे लावून भट्टीत निदान पाच मिनिटं नुसती हवा खेळवतात, म्हणजे आत साचलेला ज्वालाग्राही वायू निघून जातो. याला पर्जिंग म्हणतात. मग ऑइल गन पेटतात, हाच लाइटअप. त्यात हलकं डिझेल तेल किंवा फर्नेस ऑइल जळतं. भट्टी थंड असल्यामुळे हे तेल पुरतं जळत नाही, काजळी होते. पाण्याचे पाइप आणि वाफेचे जाड ड्रम हळूहळूच तापवावे लागतात, नाहीतर धातूला तडे जातात. वाफ हव्या त्या दाबावर आली की टर्बाइन फिरतं, युनिट ग्रिडला जोडलं जातं, कोळसा दळून भट्टीत सोडणारी एकेक मिल सुरू होते. भार पुरेसा वाढून कोळशाची ज्योत स्वतःच्या बळावर टिकू लागली की तेल बंद करतात. युनिट काही दिवस बंद राहून पूर्ण थंड झालं असेल, तर या सगळ्यात बरेच तास जातात. रात्रीपुरतं थांबलं असेल तर पुष्कळ कमी.

ईएसपी तेव्हा बंद का

कोळशाच्या धुरातली राख पकडण्याचं काम ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, करते. घराएवढ्या पेट्यांमध्ये लोखंडी पत्र्यांच्या रांगा आणि त्यांच्या मधोमध तारा असतात. तारांवर हजारो व्होल्टचा दाब दिला की राखेचे कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात. हातोड्यांनी पत्रे ठोकले की ती राख खालच्या हॉपरमध्ये पडते. नीट चालणारी ईएसपी शंभरातले नव्याण्णवांहून जास्त भाग पकडते.

पण धुरात अर्धवट जळालेलं तेल असताना ती चालू करायला ऑपरेटर धजत नाही. तारांमधून ठिणग्या उडतात आणि त्या तेलकट काजळीला आग लागू शकते. शिवाय काजळी पत्र्यांवर आणि इन्सुलेटरवर लेपासारखी बसते, मग पुढचे कित्येक दिवस ईएसपी अधू चालते. धूर थंड असेल तर ओल आणि आम्ल पत्र्यांवर जमून गंज चढतो. ही कारणं खरी आहेत. तेलाबरोबर कोळसाही जळू लागलेला आणि ईएसपी मात्र बंद, अशी वेळ त्यातूनच येते. आमच्या चादरीवरचा काळा ओरखडा त्याच वेळचा.

एक हिशेब

500 मेगावॉटचं युनिट पूर्ण भारावर ताशी सव्वातीनशे टनांच्या आसपास कोळसा जाळतं. आपल्या कोळशात राख फार, साधारण 30 ते 45 टक्के. त्यातली बहुतेक धुराबरोबर उडते, म्हणजे ताशी शंभरेक टन. ईएसपी उत्तम चालली तर त्यातली शंभर किलोच्या आसपास बाहेर जाते.

आता सुरुवातीचा एक तास घ्या. एकच मिल चालू, तीस टन कोळसा, ईएसपी बंद. राख दहा टनांच्या वर, त्यातली उडणारी आठ टन. जाड कण पेटीत आपल्या वजनानं खाली बसतात म्हणून निम्मी राख सोडून दिली, तरी चार टन उरते. स्थिर चालणारं युनिट एवढी राख चाळीस तासांत बाहेर टाकतं. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्येक युनिटचा आकडा वेगळा येईल. पण एखादा तास म्हणून जो सोडून दिला जातो, त्याचं वजन यातून कळतं.

धूर जवळच का पडतो

500 मेगावॉट आणि त्यावरच्या बहुतेक युनिटांना आपल्याकडे 275 मीटर उंच चिमणी असते. एवढ्या उंचीवरून गरम धूर वेगानं आणखी वर चढेल आणि लांबवर विरळ होईल, असं त्यामागचं गणित. सुरुवातीचा धूर थंड आणि मंद असतो. तो फार वर चढत नाही. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला असताना युनिट पेटलं, तर त्रास जवळच्या गावांनाच होतो.

मीटर काय दाखवतो

चिमणीतलं प्रमाण घनमीटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि धुरात 6 टक्के ऑक्सिजन आहे असं धरून ते दुरुस्त करतात. सुरू होताना मात्र कोळसा कमी आणि हवा भरपूर असते. धुरात ऑक्सिजन 18 टक्के असेल, तर मूळ आकड्याला पाचानं गुणावं लागतं. ती दुरुस्ती केली नाही तर घाण धूरही कागदावर स्वच्छ दिसतो. महिन्याची सरासरी काढली की वाईट तास तिच्यात विरघळून जातात. हातानं नमुने घेणारं पथकही सहसा युनिट स्थिर चालत असतानाच चिमणीवर चढतं.

बंद होताना

ठरवून बंद करताना भार उतरवत नेतात आणि ज्योत टिकवायला पुन्हा तेल लावतात. बॉयलरची ट्यूब फुटून युनिट अचानक बंद पडलं तर तेवढाही अवधी मिळत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांत ही वेळ आणखी घातक, कारण यंत्रांतला वायू काढून फ्लेअरवर, म्हणजे उंच नळीच्या तोंडाशी उघड्यावर, जाळावा लागतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळामुळे अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या परिसरातले कारखाने घाईनं बंद झाले, तेव्हा एरवीपेक्षा किती जास्त प्रदूषण झालं ते कंपन्यांनीच टेक्सासच्या पर्यावरण खात्याला कळवलं होतं.

कायदा कुठे आहे

1981 च्या हवा कायद्याच्या कलम 23 नुसार अपघातानं किंवा अनपेक्षित घटनेनं मर्यादेबाहेर उत्सर्जन झालं, तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवावं लागतं. युनिट सुरू करणं अपघातही नाही आणि अनपेक्षितही नाही. त्याची तारीख आधी ठरते. औष्णिक केंद्रांसाठी 7 डिसेंबर 2015 ला नव्या मर्यादा आल्या. धूलिकणांसाठी युनिटच्या वयानुसार 100, 50 आणि 30 मिलिग्रॅम. पेटवण्याच्या तासांसाठी त्यात वेगळा रकाना नाही.

अमेरिकेत सुरू होणं, बंद होणं आणि बिघाड या काळात विषारी प्रदूषकांच्या मर्यादांतून सूट होती. सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेच्या याचिकेवर 19 डिसेंबर 2008 ला तिथल्या अपील न्यायालयानं ती रद्द केली. नियम सतत लागू असले पाहिजेत, असं कायदाच सांगतो, हे त्यातलं मुख्य कारण. युरोपात या तासांना मर्यादा लागत नाहीत, पण सुरुवात कुठे संपली हे मोघम ठेवता येत नाही. युरोपीय आयोगाच्या 2012 च्या निर्णयाप्रमाणे ठरावीक भार किंवा ठरावीक क्रिया हा टप्पा परवान्यातच लिहावा लागतो. आपल्याकडे निदान एवढं तरी व्हायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

पेटवण्याच्या तासांचा हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. दुपारी सौर वीज भरपूर मिळते, तेव्हा कोळशाच्या युनिटांना भार उतरवावा लागतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांत तो 55 टक्क्यांपर्यंत, पुढे 40 टक्क्यांपर्यंत खाली नेण्याची तयारी ठेवायला सांगितलं आहे. जी युनिटं तेवढी खाली येऊ शकत नाहीत, ती बंद ठेवून पुन्हा पेटवण्याची पाळी जास्त वेळा येणार.

काय करता येतं

पेटवायला नैसर्गिक वायू किंवा कमी गंधकाचं हलकं तेल वापरता येतं. कोळशाची भुकटी थेट पेटवणारे प्लाझ्मा इग्नायटर आहेत, त्यांनी तेल पुष्कळ वाचतं. इन्सुलेटरचे हीटर वेळेआधी लावून, कोळसा सुरू होताच ईएसपीची काही फील्ड, म्हणजे तिचे स्वतंत्र विभाग, कमी व्होल्टेजवर चालू करता येतात. यात खर्च आहे, जोखीमही आहे, पण हे अशक्य नाही.

नोंद ठेवायला मात्र नवं यंत्रही लागत नाही. राज्यातलं कोणतं युनिट ग्रिडला कधी जोडलं गेलं, ते कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रात मिनिटासह नोंदलेलं असतं. कोळशाची पहिली मिल कधी लागली आणि ईएसपीचं पहिलं फील्ड कधी चालू झालं, हे त्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधल्या लॉगबुकात असतं. या वेळा शेजारीशेजारी मांडून आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावल्या, आणि लाइटअपची तारीख आदल्या दिवशी कळवली, तर वाळवण घालायचं की नाही हे गावातल्या बायकांना चिमणीचा रंग बघून ठरवावं लागणार नाही.