पंधरा मीटर लांब उभे राहा

फुटबॉलच्या रेफरीच्या खिशात दोन कार्डं असतात, पिवळं आणि लाल. पूर्वी ती फक्त खेळाडूंसाठी होती. २०१९मध्ये नियम बदलले आणि बेंचवरच्या कोचलाही ती दाखवता येऊ लागली. बेंचवरून कोणी शिवी हासडली आणि ती नेमकी कोणाची हे कळलं नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य कोचच्या नावावर लागतं. खेळाडू आणि कोच या दोघांच्या वागण्याची सोय नियमपुस्तकात अशी लावलेली आहे. रेषेबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांना मात्र कोणतंच कार्ड लागू होत नाही. फार झालं तर रेफरी सामना थांबवतो किंवा रद्दच करतो, आणि मग शिक्षा मुलांना होते. मुलांच्या फुटबॉलमधली ही फट बुजवण्याचं काम क्लबवरच येऊन पडतं.

दुर्लक्ष झालं तर गोष्ट किती टोकाला जाऊ शकते, हे नेदरलँड्सने पाहिलं आहे. डिसेंबर २०१२मध्ये आल्मेरे शहरात किशोरवयीन मुलांचा एक सामना होता. एका खेळाडूचे वडील हौसेने लाइन्समनचं काम करत होते. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघातल्या मुलांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी मारलं. दुसऱ्या दिवशी ते वारले. न्यायालयाने पुढे दोषी ठरवलेल्यांत सहा किशोरवयीन मुलं होती आणि त्यांच्यातल्याच एकाचा बापही होता. त्या आठवड्याच्या शेवटी देशभरातले हौशी सामने रद्द करण्यात आले.

आपल्याकडच्या मैदानांवर रोज दिसतं ते याच्या मानाने फारच साधं. रविवारी सकाळी कोणत्याही टर्फवर दहा वर्षांखालच्या मुलांचा सामना बघा. उजव्या बगलेने एक मुलगा खेळतोय. त्याचे वडील रेषेला धरून त्याच्याबरोबर वरखाली चालताहेत आणि ओरडताहेत, ‘‘मार, मार!’’ कोच समोरून सांगतोय, ‘‘थांब, वर बघ.’’ जाळीमागून आईचा आवाज, ‘‘अरे, पास दे ना त्याला!’’ चेंडू मुलाच्या पायाशी येतो. मुलगा आधी वडिलांकडे बघतो, मग कोचकडे, मग चेंडूकडे. तोवर समोरचा मुलगा चेंडू घेऊन निघून गेलेला असतो. वडील कपाळावर हात मारतात, ‘‘झोपलायस का?’’

मुलगा झोपलेला नसतो. तीन मोठ्या माणसांचं एकाच वेळी ऐकायचा प्रयत्न तो करत असतो. आपण बहुतेक पालक क्रिकेट बघत मोठे झालो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये वेळ असतो. कर्णधार क्षेत्ररक्षण बदलतो, बाहेरून एखादा निरोपही येतो. फुटबॉलला अशी उसंत नाही. पास द्यायचा, वळायचं, की समोरच्याला चकवायचं, हे चेंडू पायाशी येण्याच्या आधीच मान वर करून बघितलेलं असावं लागतं. दहाव्या वर्षी शिकायची मुख्य गोष्ट हीच. ज्या मुलाला प्रत्येक वेळी बाहेरून उत्तर मिळतं, ते मूल आजूबाजूला बघणं सोडून देतं. शिवाय बाहेरून येणारी सूचना बहुतेक वेळा भित्री असते: बाहेर मार, लांब मार, रिस्क घेऊ नकोस. गोल वाचतो, पण ड्रिबल करून बघायची हिंमत मुलाच्या अंगात येतच नाही.

हे सगळं पालकांना पत्रक वाटून सांगता येतं आणि अनेक क्लब ते करतातही. प्रवेशअर्जाच्या मागे नियम छापलेले असतात, खाली सही घेतात आणि सामन्याच्या दिवशी कोणाला त्यांची आठवण राहत नाही. म्हणून मला जर्मनीतला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. तिथे उपदेशाच्या वाटेला न जाता मैदानाची मांडणीच बदलली.

आखेन भागात राल्फ क्लोर या युवा फुटबॉलच्या कार्यकर्त्याने २००७मध्ये ‘फेअर प्ले लीग’ सुरू केली. तिचे नियम तीनच. पालक आणि प्रेक्षक मैदानापासून सुमारे पंधरा मीटर लांब उभे राहतात. दोन्ही संघांचे कोच एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी उभे राहतात आणि गरजेपुरतंच बोलतात. आणि रेफरी नसतो. चेंडू बाहेर गेला का, फाउल झाला का, हे मुलं आपसात ठरवतात. अगदीच अडलं तर दोन्ही कोच मिळून सोडवतात.

तिसरा नियम वाचून आपल्याकडचे कोच हसतील. पण गल्लीत रबरी चेंडूने खेळलेल्या कोणत्याही माणसाने आठवून बघावं. तिथे कोण रेफरी होता? भांडणं व्हायची, थोड्या वेळात मिटायची, कारण खेळ पुढे चालू राहावा अशी सगळ्यांचीच गरज असायची. बाकीचे दोन नियमही तितकेच विचारपूर्वक केलेले आहेत. पंधरा मीटरवरून टाळ्या ऐकू येतात, ‘मागे जा’ ‘पुढे जा’ नीट ऐकू येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या कोचच्या तोंडावर त्याच्या खेळाडूबद्दल वाकडं बोलायला जीभ धजत नाही. कोणाचा स्वभाव बदलण्याची वाट बघावी लागत नाही, माणूस जिथे उभा आहे ती जागा बदलली की पुष्कळ काम होतं.

जर्मन फुटबॉल महासंघ पुढे आणखी लांब गेला. २०२४-२५च्या हंगामापासून सर्वांत लहान गटांत देशभर छोटे संघ, छोटी मैदानं आणि गुणतक्त्याशिवाय सामने अशी पद्धत बंधनकारक झाली. यावर तिथे कडाडून टीकाही झाली. हरणं-जिंकणं काढून घेतलं तर मुलं लेचीपेची होतील, असं मोठमोठे पदाधिकारी जाहीरपणे म्हणाले. मला ही टीका पटत नाही. गोल मोजायचे असतात, मुलं ते मोजतातच आणि घरी जाऊन सांगतातही. काढून टाकलाय तो तक्ता, आणि तो तक्ता जपून ठेवणारी मोठी माणसंच असतात. नॉर्वेत तर मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत कोणत्याच खेळात निकालांचे तक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, असा नियम फार आधीपासून आहे. त्या देशाचे खेळाडू लेचेपेचे झाले असं कोणी म्हणणार नाही.

इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. २००८मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ‘रिस्पेक्ट’ मोहीम काढली आणि पालकांना दोरीमागे उभं करायला सुरुवात केली. तळातल्या सामन्यांत रेफरीशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला थोड्या वेळासाठी बाहेर बसवण्याचा नियम २०१९पासून आहे. मोठ्यांच्या सामन्यात ती शिक्षा दहा मिनिटांची असते. याचा मला आवडलेला भाग म्हणजे चूक आणि शिक्षा त्याच सामन्यात संपतात. तरीही २०२३मध्ये तिथे काही भागांत हौशी रेफरींच्या छातीवर कॅमेरे लावून बघावे लागले, इतकी दमदाटी होत होती.

आता आपल्याकडे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘बेबी लीग’ २०१८मध्ये बारा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी सुरू झाल्या. मुंबई-पुण्यात खासगी ॲकॅडम्या वाढल्या आहेत आणि फीही. पैसे मोजले की पालकाला वाटतं, माझा मुलगा पूर्ण वेळ खेळला पाहिजे. यात कोचचीही जबाबदारी येते. कोण किती वेळ खेळणार हे त्याने हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगावं. लहान गटात प्रत्येक मुलाला जवळपास सारखा वेळ द्यावा आणि सामना चालू असताना या विषयावर कोणाशीही बोलू नये. तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी, हा नियम परदेशातल्या अनेक क्लबांत पाळतात. एका रात्रीत निम्मा राग उतरतो.

कोचच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. २०२२मध्ये सतरा वर्षांखालच्या भारतीय मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यातून एका सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकण्यात आलं. देशाच्या संघात हे घडतं, तर गल्लीतल्या क्लबने गाफील राहून चालणार नाही. मुलांशी एकट्याने मेसेजवर बोलणं नको, ग्रुपवर पालक असावेत. प्रवासात आणि चेंजिंग रूमजवळ किमान दोन जबाबदार मोठी माणसं हवीत. मुलींच्या संघाबरोबर एक बाई हवीच. पालकांनी हे विचारलं की काही कोचना राग येतो. तरी विचारावं.

आणि मुलं? त्यांच्याकडून मागायचं फार थोडं आहे. सामना संपल्यावर समोरच्या संघाशी आणि रेफरीशी हात मिळवायचा. स्वतःच्या गोलमध्ये चेंडू मारलेल्या मित्राच्या पाठीवर थाप द्यायची. एवढं ती सहज करतात, कोणी ते बिघडवलं नाही तर. बिघडवतात ती मोठी माणसंच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना गर्दी होते, ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसते. २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. पण त्याच स्टेडियमवर समर्थकांच्या हाणामारीमुळे सामने थांबवावेही लागले आहेत, आणि तेव्हा बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं ते बघत असतात.

क्लब चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या स्पर्धेआधी मैदानाच्या दोन्ही बाजूंना लांबवर एक दोरी बांधा आणि पालकांना तिच्यामागे उभं करा. दोन्ही कोचना एकाच बाजूला जागा द्या. शिट्टी फुंकणारा बहुतेक वेळा सतरा-अठरा वर्षांचा, नुकती परीक्षा दिलेला मुलगा असतो, त्याच्याशी कोणी हुज्जत घातली तर त्याच्या बाजूने बोलणारा क्लबचा एक माणूस मैदानावर ठेवा. पालकांनो, परतताना गाडीत सामन्याची उजळणी करू नका. मुलाने विषय काढला तर ऐका, आणि आधी त्याला काहीतरी खायला द्या.