केकला ताक हवं की आंबटपणा?

बीडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रात्री लावलेलं दही सकाळी घट्ट असतं, दुपारपर्यंत चांगलंच आंबट होतं. त्याचं ताक कढीत आणि ज्वारीच्या कण्यांवर संपतं. सुट्टीत मुलं केकचा हट्ट धरतात आणि मोबाइलवरच्या पाककृतीत ‘एक कप बटरमिल्क’ दिसतं. तिथे आपलं ताक घालावं का?

आज परदेशात बटरमिल्क म्हणून मिळतं ते बहुधा कमी स्निग्धांशाच्या दुधाला जिवाणूंचं विरजण लावून आंबवलेलं दाट दूध असतं. आपण दह्यात पाणी घालून रवीने घुसळतो. पाण्यामुळे आपल्या ताकातलं आम्ल विरळ होतं, आणि केकला नेमकं तेच आम्ल हवं असतं.

विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी 1780 मध्ये आंबट दुधातूनच हे आम्ल वेगळं केलं. आम्लाशी गाठ पडली की खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचे बुडबुडे उष्णतेने फुगतात, भोवतीचं पीठ शिजून घट्ट होतं आणि केक जाळीदार बनतो. ढोकळाही असाच फुलतो. आम्ल कमी पडलं तर उरलेल्या सोड्याने केकला साबणासारखी चव येते.

ताकाऐवजी दोन उपाय घरातच आहेत. पाऊण कप दह्यात पाव कप पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटावं. किंवा कपात 15 मिलिलिटर लिंबाचा रस घेऊन त्यावर, 240 मिलिलिटर होईपर्यंत, तापवून पूर्ण गार केलेलं दूध ओतावं आणि दहा मिनिटं थांबावं. दुधाचा सामू साधारण 6.7 असतो. तो 4.6 कडे उतरू लागला की केसीन प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटतात, म्हणून दूध दाटतं आणि बारीक कण दिसतात. ते तसेच राहू द्यावेत. दूध गरम असेल तर मात्र चोथा आणि पाणी वेगळं होतं.

माझी पसंती दह्यालाच. लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल जिवाणूच तयार करतात, लिंबाने ते येत नाही.

एक कप फेटलेल्या दह्याला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. सोडा शेवटी घालावा आणि मिश्रण लगेच कुकरमध्ये ठेवावं, कारण वायू तेव्हापासूनच सुटू लागतो. कुकरच्या तळाशी मीठ पसरावं, पाणी घालू नये, झाकणाची शिट्टी आणि रबर काढावं.

त्याआधी मुलांना दोन वाट्या द्या, एकीत पाणी, दुसरीत आंबट दही. दोन्हींत चिमूटभर सोडा टाकायला सांगा. कुठली वाटी फसफसते हे त्यांनी पाहिलं, की केक का फुगतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.