पाय टेकण्याचा प्रश्न

आपल्याकडे चप्पल घेताना पायाचे माप घेतात, सदरा शिवताना छाती-खांदा मोजतात. चष्म्याची काडीसुद्धा कानामागे नीट बसते की नाही हे दुकानदार दोनदा पाहतो. मोटारसायकल घेताना मात्र गिऱ्हाइकाचा पाय मोजल्याचे मी कधी पाहिलेले नाही. किंमत विचारली जाते, अ‍ॅव्हरेज विचारले जाते, महिन्याचा हप्ता किती बसेल तेही विचारले जाते. पण ज्या यंत्रावर बसून माणूस रोज रस्त्यावर उतरणार, ते यंत्र त्याच्या अंगाला येते का, हा प्रश्न कोणाच्या तोंडी नसतो. उंच माणसाचे यात काही अडत नाही. अडते ते बुटक्यांचे. आणि या देशात बुटकी माणसे काही थोडीथोडकी नाहीत. प्रौढ भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच फूट आहे.

याची मुळे थोडी मागे जातात. एनफिल्ड बुलेट १९५५ पासून मद्रासला होऊ लागली, ती प्रामुख्याने लष्कर आणि पोलिसांच्या गरजेपोटी. पुढे राजदूत आली, म्हैसूरची जावा आणि येझदी आली. या साऱ्या गाड्या लाथ मारून सुरू करायच्या आणि मांडीच्या जोरावर सांभाळायच्या. १९७२ मध्ये लुना आली आणि शिक्षिका, परिचारिका, तारखात्यातल्या बायका चाकावर आल्या. १९८४ मध्ये बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. या वाहनांचे उपकार मोठे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्याबरोबर एक वाटणीही कायमची होऊन बसली : मोटारसायकल पुरुषांची, स्कूटर बायकांची. आणि या वाटणीत बुटका पुरुष कुठेच बसेना. त्याने मोटारसायकल घेतली तर चवड्यावर उभा राहून लोकांचे हसू सोसायचे, आणि स्कूटर घेतली तर 'बायकोची आणली काय?' हे ऐकायचे.

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. पाटबंधारे खात्यातील नोकरीत मी १९८८ पासून हिरो होंडा सीडी १०० वर कालव्यांचे रस्ते तुडवले, तेव्हा या विषयाशी माझा संबंध जुना. तो पुन्हा नव्याने आला तो माझ्या भाचीमुळे. ती आरोग्यसेविका आहे आणि तिचे उपकेंद्र पाटण तालुक्यातल्या डोंगरात आहे. एका गावाला सात-आठ वाड्या, प्रत्येक वाडी वेगळ्या सोंडेवर. एस.टी. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. बाळंतिणीच्या घरी ठरल्या दिवशी जायचे, लसीकरणाचे सत्र वेळेवर सुरू करायचे, तर स्वतःचे वाहन हवेच. कोणाच्या तरी मागे बसून जाणे म्हणजे त्या कोणाच्या तरी सवडीने आजारी माणसाला भेटणे. तिची उंची चार फूट अकरा इंच, वजन सेहेचाळीस किलो.

घरी अर्थातच स्कूटरचा ठराव झाला. भाचीचे म्हणणे वेगळे होते. "मामा, खालच्या रस्त्याला स्कूटर चालंल. वरच्या वाडीला पावसाळ्यात कशी न्यायची ते तुम्हीच सांगा." तिचा मुद्दा बिनतोड होता. साध्या स्कूटरचे मागचे चाक बहुधा दहा इंची असते, पुढचे दहा किंवा बारा. शंभर सी.सी.च्या मोटारसायकलची चाके सतरा-अठरा इंची. जे खळगे मोठे चाक ओलांडून जाते, त्यात लहान चाक उतरते. शिवाय ओल्या उतारावर गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली म्हणजे इंजिनच तिला आवरून धरते, ब्रेकवर सगळा भार येत नाही. स्कूटरमध्ये ही सोय तेवढी मिळत नाही. एवढ्यावर माझी बहीण म्हणाली, "हे सगळं खरं रे, पण तिचे पाय पुरत नाहीत. पडली म्हणजे?" आईच्या या प्रश्नाला हसण्यात अर्थ नव्हता. त्याचे उत्तर मोजून द्यायला हवे होते.

माप घेण्याची पद्धत सोपी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, एक जाडसे पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर सरकवायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरायची. भाचीचे हे माप ६९० मिलिमीटर भरले. आता हिरो स्प्लेंडर प्लसच्या माहितीपत्रकात बैठकीची उंची ७८५ मिलिमीटर दिलेली असते. फरक ९५ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ चार इंचांचा. कागदावर विषय इथेच संपतो, आणि बहुतेक लोक तो इथेच संपवतात.

प्रत्यक्षात संपत नाही. माहितीपत्रकातली उंची रिकाम्या गाडीची असते. माणूस बसला की शॉकअप दबतात, सीटचा फोम दबतो. त्यात तीनेक सेंटिमीटर सहज जातात. जाड तळव्याचा बूट आणखी दोन-अडीच सेंटिमीटर देतो. उरलेले अंतर टाच उचलून भरून निघते. म्हणजे दोन्ही पायांचे चवडे टेकतात. आणि बसल्या जागी चार बोटे डावीकडे सरकले, तर डावा पाय जवळजवळ पूर्ण टेकतो. मात्र ज्याचे वजन कमी त्याच्याखाली शॉकअप कमी दबतात, म्हणून मागच्या शॉकअपची स्प्रिंग सर्वांत मऊ खाचेवर आणून घ्यावी. पाना लावून पाच मिनिटांत होणारे आणि जवळजवळ फुकटातले काम आहे.

दुसरी गोष्ट रुंदीची. सीट पुढे टाकीपाशी निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात. रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढी उंची वाया जाते. स्कूटरची सीट दिसायला खाली असूनही कित्येक बुटक्या बायकांचे पाय अधांतरी राहतात, ते यामुळेच. पायाखालचा पत्रा रुंद असतो तो वेगळाच. त्यामुळे माहितीपत्रकातल्या आकड्यावर निकाल देऊ नये. बसून पाहावे, आणि रोज जे बूट घालणार तेच घालून पाहावे.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. काही मोटारसायकली मुद्दाम ठेंगण्या केलेल्या असतात. बजाज अ‍ॅव्हेंजरची बैठक ७३७ मिलिमीटरवर आहे, रॉयल एनफिल्ड मिटिऑरची ७६५ वर. बुटक्या माणसाचे डोळे अशा गाड्यांवर खिळतात. पण अ‍ॅव्हेंजर दीडशे किलोंच्या वर आहे आणि मिटिऑर १९१ किलोंची. स्प्लेंडर ११२ किलोंची, होंडाची शाइन १०० तर ९९ किलोंची. याचा अर्थ साध्या हिशोबाने समजतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि आपले हात एक मीटरवर धरू. ११२ किलोंची गाडी दहा अंश कलली तर तिला धरायला साधारण दहा किलोंचा जोर लागतो. वीस अंश कलली तर एकोणीस-वीस किलोंचा. १९१ किलोंच्या गाडीला वीस अंशांवर तेहतीस किलोंच्या आसपास जोर लागेल. सेहेचाळीस किलोंची मुलगी पहिली गाडी सावरेल, दुसरी तिला घेऊन खाली जाईल. ठेंगणी आणि जड यापेक्षा किंचित उंच आणि हलकी गाडी नवख्याला बरी, असा माझा निष्कर्ष आहे. अ‍ॅव्हेंजरसारख्या गाडीत पाय पुढे टाकून बसावे लागते आणि हँडल लांबचे वाटते, हेही बुटक्या माणसाने ध्यानात घ्यावे.

हे सगळे कागदावर मांडून आम्ही तिघे कराडला गेलो. एका शोरूममध्ये तिथला तरुण शेवटपर्यंत माझ्याशीच बोलत राहिला. गाडी कोण चालवणार हे दोनदा सांगूनही त्याने, "सर, मॅडमना स्कूटर दाखवतो," असे म्हणत आम्हाला दुसऱ्या कोपऱ्यात नेले. मोटारसायकलवर बसून पाहू का, असे भाचीने विचारले तेव्हा त्याने आधी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दुकानातल्या पोक्त मेकॅनिकने मात्र गाडी मोकळ्या जागेत काढली, मेन स्टँडवरून उतरवून तिच्या हाती दिली आणि म्हणाला, "बसा ताई. क्लच बोटांत येतोय का ते आधी बघा." लहान उंचीच्या माणसाची बोटेही लहान असतात. क्लच पूर्ण दाबताना पंजा ताणला जात असेल तर गर्दीत हात दुखून येतो. पायाच्या नादात हाताकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या माणसाचे गेले.

गाडी ठरल्यावर 'खाली करून घ्या' असे सल्ले सुरू झाले. इथे जपून पावले टाकावीत. सीटवाल्याकडून फोम इंचभर उतरवून घेणे आणि पुढच्या दोन्ही कडा तासून घेणे हा उत्तम उपाय. त्याहून जास्त तासला तर खड्ड्यागणिक खालचा पत्रा टोचतो. पण पुढचे पाइप क्लॅम्पमध्ये वर सरकवणे, मागे आखूड शॉकअप बसवणे असले प्रकार नवख्याने करू नयेत. गाडीचे पोट स्पीडब्रेकरला घासते, वळणावर गाडी वेगळी वागते, आणि साइड स्टँड गाडीच्या मानाने लांब झाल्यामुळे उभी केलेली गाडी सरळ राहून वाऱ्याच्या झोताने उलट्या बाजूला आडवी होते. नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीही आडकाठी आहे.

खरी सुधारणा गाडीत नव्हे, थांबण्याच्या रीतीत करायची असते. धावत्या गाडीला पाय लागत नाहीत. आरटीओत आठचा आकडा काढायला लावतात तेव्हा पाय टेकला तर नापास करतात, यातच सगळे आले. पाय लागतो तो थांबण्याच्या शेवटच्या क्षणी, आणि तोही एकच. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा जमिनीवर. म्हणून थांबण्याआधीच पहिल्या गिअरला यावे आणि क्लच दाबून ठेवावा, म्हणजे डाव्या पायामागे गिअर बदलण्याचे दुसरे काम राहत नाही. हँडल सरळ असताना थांबावे. वळवलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडलीच म्हणून समजा.

आणखी एक खुबी. आपले रस्ते मध्यावर उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून जातो, तेव्हा अगदी कडेला थांबले की डाव्या पायाखालची जमीनच खाली गेलेली असते. उंच माणसाला हे जाणवतही नाही. बुटक्याने मात्र हातभर आत, सपाटीवर थांबावे. गाडी लावताना तोंड उताराकडे करून लावू नये, कारण ती मागे ओढताना पायांना जोर मिळत नाही. मेन स्टँडवर घेताना हातांनी उचलू नये. स्टँडच्या दांडीवर सगळे वजन द्यावे, गाडी आपोआप वर येते.

भाचीने गाडी घेण्याआधी लर्निंग लायसन काढले. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तो महिनाभर तिने शेजाऱ्यांच्या जुन्या स्प्लेंडरवर शाळेच्या मैदानात फक्त दोनच गोष्टी केल्या : सुरू करणे आणि थांबणे. ती जुनी गाडी उभ्याउभ्या दोनदा आडवी झाली. दोन्ही वेळा आम्ही तिला हात लावू दिला नाही, असे नव्हे. तिनेच आम्हाला लावू दिला नाही. गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरून, पाठीने नव्हे तर पायांनी उचलायची, हे ती तिथे शिकली. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले. पडली म्हणजे? तर उचलेल.

नवी गाडी तिने शंभर सी.सी.चीच घेतली, आणि त्याबरोबर आयएसआय शिक्क्याचे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी हाच शिक्का असलेली हेल्मेटे विकण्याचा नियम आहे, तरी रस्त्याकडेला काय मिळते ते आपण पाहतोच. १२५ सी.सी.पर्यंतच्या गाड्यांना २०१९ पासून दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असतात, त्याहून मोठ्यांना एबीएस. नवख्याने जुनी गाडी घेताना हा फरकही विचारात घ्यावा.

आता तिचा दुसरा पावसाळा चालू आहे. वरच्या वाडीतली एक म्हातारी तिला म्हणाली, "बाई, तू दिसत नाहीस, नुसती गाडीच येती असं वाटतं." भाचीने हे मला हसत सांगितले. त्या वाडीत आता बाळंतिणीच्या घरची भेट एस.टी.च्या वेळेवर अवलंबून नाही.

मोटारसायकलीच्या कारखान्यांनी सगळ्या उंच्यांचा विचार करावा, दोन उंचीच्या सीटा गाडीबरोबर द्याव्यात, अशी मागणी करायला हरकत नाही. ती पुरी होईपर्यंत मात्र पाच फुटी माणसाने स्वतःला यंत्राच्या मापाने तोलणे थांबवावे. 'मला ही गाडी झेपेल का?' असे विचारत शोरूममध्ये शिरू नये. खिशात टेप असावी, पायात रोजचे बूट असावेत, आणि विक्रेत्याला सांगावे की आधी गाडी स्टँडवरून खाली घ्या, मग किमतीचे बोलू.