ऊसबिलाचे नियम आधी कागदावर उतरवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याला ऊसबिलाचे सॉफ्टवेअर करून हवे आहे, असे धरू. आपण शेतकी विभागात असा किंवा प्रोग्रॅम लिहिणारे असा, सुरुवात फडातून करा. चिटबॉयबरोबर, म्हणजे तोडणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाबरोबर, तोडणी पाहा, मग वजनकाट्यावर थांबा. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, वजावट, पावतीची कोणती प्रत कोणाकडे जाते, हे केबिनमधल्या बैठकीत कोणी सांगत नाही.

मग गरज आणि नियम वेगवेगळे लिहा. सॉफ्टवेअरने काय करून द्यायचे, ती गरज. उदाहरणार्थ, वजन होताच शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश जावा. व्यवहार ज्या अटींवर चालतो, तो नियम. सॉफ्टवेअर नसले तरी तो असतोच. ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे.

प्रत्येक नियमाला क्रमांक द्या आणि तो एकाच वाक्यात बसवा. ‘बिल वेळेत काढावे’ हा नियम नव्हे, ती इच्छा झाली. 14 दिवसांचा नियमसुद्धा विचारून पक्का करावा लागतो. गाडी रात्री 11 वाजता आवारात आली आणि वजन 12 नंतर झाले, तर दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? हे प्रोग्रॅमरने मनाने ठरवू नये. बहुतेक घोळ इथेच होतात.

त्यानंतर प्रत्येक नियमाखाली आकड्यांचे उदाहरण सोडवा. एफआरपी म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर. 2025-26 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. उतारा, म्हणजे उसातून मिळालेल्या साखरेचे प्रमाण, 12.05 असेल तर 18 टप्पे होतात. जादा 62.28 रुपये, एकूण 417.28; टनाला 4,172.80 रुपये. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. आता उतारा 12.08 धरा. उरलेल्या 0.03 चे पैसे द्यायचे की सोडायचे? हिशेबाने ते टनाला 10.38 रुपये होतात, लाख टनाला 10 लाख 38 हजार. शेतकऱ्याच्या हक्काची एवढी रक्कम एका न विचारलेल्या प्रश्नावर अवलंबून राहता कामा नये. उत्तर मुख्य लेखापालांकडून लेखी घ्या.

नियम कुठून आला आणि केव्हापासून लागू आहे, हेही शेजारी लिहा. एफआरपी कोणत्या हंगामाच्या उताऱ्यावर काढायची, याबद्दल राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये निर्णय काढला. त्याने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभाही मिळाली. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्यांनी उताऱ्याचा हा नियम प्रोग्रॅममध्येच कायमचा कोंबला असेल, त्यांना सगळे उकरावे लागते. तारखांसह वेगळा ठेवला असेल, तर एक ओळ बदलते. जुना नियम मात्र खोडू नका. मागच्या हंगामाचे बिल पुन्हा तपासायची वेळ येते, तेव्हा तोच लागतो.

शेवटी हा कागद काटा कारकून, शेतकी अधिकारी आणि लेखापाल यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवा. ‘तसं नसतंय, आमच्याकडं असं करतात’ असे कोणी म्हणाले, की तिथेच थांबून ते लिहून घ्या. मग तिघांच्या सह्या, तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक. प्रोग्रॅम लिहायला त्यानंतर बसा.