हत्तीविना एलिफंटा

गेटवे ऑफ इंडियाहून तासाभराच्या जलप्रवासानंतर एलिफंटाला उतरलेला नवखा प्रवासी हत्ती शोधू लागतो. हत्ती तेथे नाही. उरण तालुक्यातील या बेटाला स्थानिक लोक घारापुरीच म्हणतात. दुसरे नाव पोर्तुगीजांचे. दक्षिणेस राजबंदरच्या जुन्या उतारापाशी उभ्या असलेल्या प्रचंड पाषाणी हत्तीवरून त्यांना ते सुचले. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी कोरलेला होता. तो वाघ की हत्तीचेच पिल्लू, याविषयी जुन्या प्रवाशांत एकमत झाले नाही.

ऑस्ट्रेलियात कॉफ्स हार्बर येथे १९६४ साली हमरस्त्याकडेला एक अवाढव्य केळे उभारण्यात आले. जाणाऱ्या मोटारी केळ्यांच्या दुकानापाशी थांबाव्यात, एवढाच त्यामागील हेतू. घारापुरीच्या हत्तीचा जन्म अशा व्यापारी बुद्धीतून खचितच झाला नसावा. तथापि दर्यावरून येणाऱ्याचे लक्ष वेधण्याचे काम त्याने शतकानुशतके बिनबोभाट केले.

१८१४ साली त्याचे मस्तक व मान गळून पडली. पुढे धडही ढासळले. १८६४ साली अवशेष मुंबईच्या व्हिक्टोरिया उद्यानात नेण्यात आले आणि १९१४ साली ते तुकडे जोडून पुन्हा हत्ती उभा करण्यात आला. आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालगत आहे. जिवंत प्राणी पाहण्यास निघालेली मुले त्याच्याकडे ओझरती नजर टाकून पुढे धावतात.

हत्ती परत पाठवावा, ही मागणी भावनेला पटणारी असली तरी शहाणपणाची नाही. सांधलेला दगड पुन्हा हलविणे धोक्याचेच. परंतु राजबंदरावर त्याच्या मापाची, दगडातच घडविलेली प्रतिकृती उभारता येईल. (सिमेंटच्या हत्तींचा आपल्याकडे तुटवडा नाही!) खर्चाची सबब येथे शोभणार नाही. लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर लखलखत असूनही बेटावर समुद्राखालून वीज पोहोचली ती २०१८ साली. शिवाय पर्यटक शेतबंदरला उतरतो, लेणी पाहतो आणि परततो. राजबंदर व मोराबंदर येथील रहिवाशांच्या पदरी त्यातील फारसे पडत नाही. हत्तीच्या निमित्ताने काही पावले तिकडे वळली, तर तेथील शहाळेवाल्याचाही धंदा होईल. आणि भायखळ्याच्या मूळ हत्तीपाशी त्याचे गाव घारापुरी हे ठळक मराठी अक्षरांत लिहावयास तर कोणत्याही मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.